शेंगतेलाच्या कॅनमधलं माहेर

प्रमोदिनीकाकू लग्न होऊन वाईहून सांगलीला आल्या, त्या लग्नात पंगतीला वाढणारी पोरं आता आजोबा झाली. पण काकू अजून सांगलीत पोचलेल्या नाहीत. देह पोचला, संसार पोचला, गुडघेदुखीसुद्धा वेळेवर पोचली. जीव मात्र वाईच्या मधल्या आळीत, घाटाच्या पायरीवर पाय सोडून बसला आहे तो बसलाच आहे. भडंग खाताना त्या म्हणतात, "चुरमुरे बरे आहेत, पण तिखटानं सगळं झाकून टाकलंय." सांगलीच्या गणपतीपुढं हात जोडून म्हणतात, "मूर्ती सुबक आहे हो, पण आमच्या वाईच्या ढोल्या गणपतीची बसायची ऐट नाही." देवाला तोंडावर सांगायला त्या भीत नाहीत.

हरिभाऊ म्हणजे त्यांचे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच कामं उरली: पेपर वाचणं, आणि काकूंचं वाक्य संपलं की त्याला खालून काडी लावणं. "माझ्याबद्दलही तिचं हेच मत आहे," ते म्हणतात. "मूर्ती सुबक, ऐट नाही."

पण खरा घोळ नदीचा. वाईला कृष्णा, सांगलीलाही कृष्णाच. वरची तीच खाली येते. एवढी सोय कुठल्या सासुरवाशिणीच्या नशिबात असते? माहेर आपल्या पायानं, भाडं न घेता, दाराशी येऊन उभं राहतंय. काकूंना ते मान्य नाही. वाईत तिला कृष्णाबाई म्हणतात आणि सांगलीत कृष्णामाई, आणि काकूंच्या मते त्यातच सगळं आलं. बाई म्हणजे ताठ मानेची, स्वच्छ, स्वतःच्या घरातली. माई म्हणजे दमलेली, पदराला दहा जणांचे हात पुसलेली.

"माहुलीला ती वेण्णा गळ्यात पडते," काकू बोटं मोडत सांगतात. "मग उरमोडी, मग तारळी. कऱ्हाडला तर ती कोयना समोरून येऊन धडकते, ना ओळख ना देख. ब्रह्मनाळला येरळा आहेच टपलेली. सांगलीला येते ती काय कृष्णा म्हणायची? पंगत उठल्यावरचं हात धुतलेलं पाणी ते."

ऐकणाऱ्याला हळूहळू कळतं, की हे सगळं नद्यांबद्दलच चाललंय असं नाही. माणसांच्या पंगतीबद्दलही काकूंची मतं साधारण याच प्रवाहातली.

म्हणून काकू वाईहून पाणी आणतात. शेंगतेलाचा पाच लिटरचा कॅन, सोड्यानं आणि चिंचेनं घासून घासून धुतलेला. तरी त्यातल्या पाण्यावर उन्हात एक तेलाचा तवंग दिसतोच, आणि काकू त्याला तेज म्हणतात. हा कॅन देवघराच्या खाली, पाटावर. रोजच्या पूजेला त्यातलं पळीभर, सणाला वाटीभर, आणि ज्या पाहुण्याचं गोत्र-बित्र ठीक असेल त्याच्या तळहातावर तीर्थ म्हणून चमचाभर. हरिभाऊंनी एकदाच हिशेबाची गोष्ट काढली होती. "अगं, तू वाईच्या घाटावर कॅनचं झाकण लावेपर्यंत तेच पाणी पुढं निघालेलं असतं. तू स्टँडवर उतरशील तोवर कदाचित आपल्या घाटावर तुझी वाट बघत बसेल."

"वाटेत कोणाकोणाचे हात लागून येईल ते," काकू म्हणाल्या, आणि हरिभाऊंनी पेपर उघडला.

एकदा त्या अजून वर गेल्या. म्हटलं, वाईच्याही वर धोम धरण आहे, तिथं साठलेल्या पाण्याचा काय भरवसा. थेट उगमाचंच आणू. क्षेत्र महाबळेश्वराच्या देवळात जाऊन पुजाऱ्याला म्हणाल्या, "फक्त कृष्णेचं द्या. बाकीच्यांचं नको." पुजारी हसला. भिंतीपाशी नद्यांची तोंडं वेगवेगळी, पण पाणी खाली येतं ते एकाच दगडी गाईच्या मुखातून. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, सगळ्यांचा एकच पान्हा. "आई, ह्या इथंच मिसळलेल्या आहेत," तो म्हणाला. "निवडायच्या कशा?" काकू तशाच परतल्या. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की उगमाला माकडं फार झालीत, वाईचंच पाणी खरं. जन्मताच मिसळलेल्या नद्यांचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

काकूंची जोडीदारीण म्हणा, वैरीण म्हणा, ती दीपमाला. तीन दारं सोडून राहते. तिचं माहेर हरिपूर, सांगलीच्या खालच्या अंगाला, जिथं वारणा कृष्णेला मिळते. दीपमाला म्हणायची, "आमच्याकडं संगम आहे. एका बुडीत दोन नद्यांचं पुण्य." काकू म्हणायच्या, "दोन नद्यांचा गाळ म्हण. आणि तुझ्या माहेरचं पाणी कर्नाटकाकडं जातं गं बाई, उलटं वर चढून सांगलीला येत नाही."

हे बोलणं नदीनं ऐकलं असावं. दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात कोयना वरून उतरली, वारणा खालून फुगली, आणि कृष्णेला पुढं सरकायला जागाच उरली नाही. पाणी सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात शिरलं. काकूंच्या तळमजल्यावर माळ्यापर्यंत चढलं. काकू वरच्या मजल्यावर, आणि खाली जिन्यात त्यांचा शेंगतेलाचा कॅन, झाकण घट्ट लावलेला, वाईचं पाणी पोटात धरून सांगलीच्या पाण्यावर तरंगतोय. नदी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दाराशी नव्हे, थेट देवघरात आली होती. पण मिसळून आली होती, म्हणून काकूंनी ओळख दाखवली नाही. गॅलरीतून ओटी तेवढी सोडली, खण-नारळ, लोकलाजेस्तव. गल्लीतून नाव चालली होती. तिच्यात बसलेल्या दीपमालानं वर बघून हाक मारली, "वैनी, आमची वारणा आली की हो वर चढून. चहा टाका."

तर हे असं. आता मानाची गोष्ट.

वाईत माघापासून कृष्णाबाईचे उत्सव चालतात. नदी एक, पण प्रत्येक आळीची मूर्ती वेगळी, मांडव वेगळा, दिवस वेगळे. एकमेकींच्या प्रसादाला नावं ठेवायची प्रथा मात्र सगळीकडं सारखी. गावभागातल्या बायकांच्या मंडळानं ते बघून सांगलीच्या घाटावरही माईचा उत्सव धरला, त्यालाही आता दोन पिढ्या झाल्या. या मंडळाचे अध्यक्ष नानासो. बायकांच्या मंडळाला नानासो अध्यक्ष का, ते विचारायचं नाही. माइक त्यांचा आहे. उत्सवाच्या सकाळी माईच्या मूर्तीवर पहिला कलश घालायचा आणि उरलेलं पाणी नदीत सोडायचं, हा मोठा मान. तो दीपमालाच्या घराचा. तिच्या सासूपासूनचा.

काकूंना तो कलश हवा होता. दुसरं काही नको होतं त्यांना. नव्या नवरी असताना, हातात हिरवा चुडा, त्या पहिल्याच उत्सवाला हौसेनं पुढं जाऊन उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा दीपमालाच्या सासूनं त्यांना दंडाला धरून मागं केलं होतं. "बाहेरगावच्या पोरींनी मागं थांबावं." तेव्हापासून दरवर्षी काकू मागं उभ्या राहतात. गर्दीत, चपलांपाशी. वाईच्या पाण्याचं सगळं माहात्म्य त्या चपलांपाशीच वाढलं, हे गावभागात सगळ्यांना माहीत आहे, आणि काकूंसमोर कोणी बोलत नाही.

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत दोघींचं पुन्हा जुंपलं. नानासोंना घरी मॅच बघायची होती. त्यांनी माइक हातात घेतला, बैठकीला पंधरा बायका असताना, आणि निकाल देऊन टाकला. "जी कृष्णेचं वरचं, कुणी न मिसळलेलं पाणी आणेल, तिचा यंदाचा कलश. ज्याचं पाणी त्याचा मान. विषय संपला."

"आणू दे की," दीपमाला म्हणाली. "पण कलश उचलायच्या आधी पाण्यात हात घालून सांगायचं, कुठलं आहे ते."

आता ही गावभागातली जुनी रीत. बांधाचं भांडण असो नाहीतर हरवलेल्या पाटलीचं, खरं-खोटं करायची वेळ आली की कृष्णेच्या पाण्यात हात बुडवून बोलायचं. हात पाण्यात असताना खोटं बोललं तर काय होतं, ते कोणालाच माहीत नाही. कारण अजून कोणी बोललेलं नाही. काकू तशा गरजेपुरतं खोटं बोलतात, संसारी बाई आहे. पण कृष्णेच्या पाण्यात हात घालून नाही. त्यांच्या बाकीच्या भक्तीत मिरवणं किती आणि भाव किती, हे सांगता येणार नाही. हा एक कोपरा मात्र अस्सल होता, आणि दीपमालाला तो बरोबर ठाऊक होता.

"सांगेन की," काकू म्हणाल्या. "त्यात काय?"

माघात काकू वाईला गेल्या. आळीच्या उत्सवात जेवल्या, भावजयीच्या पुरणाला नावं ठेवली, आणि निघायच्या सकाळी घाटावर उतरून शेवाळ बाजूला सारत कॅन भरला. उत्सव दुसऱ्या दिवशी. वाई–सांगली एसटीत खिडकीपाशी बसल्या, कॅन मांडीवर.

कंडक्टर पल्लवी म्हणून मुलगी होती. म्हणाली, "मावशी, कॅन खाली ठेवा."

"हे खाली ठेवायचं नसतं."

"मग त्याचं अर्धं तिकीट काढू का?"

साताऱ्याला शेजारच्या सीटवर एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी, कपाळाला बुक्का, आणि डोळ्याला मोतीबिंदू काढल्यावर देतात तो मोठा काळा चष्मा. लीलाबाई तिचं नाव. साताऱ्याला लेकीकडं डोळा दाखवायला गेली होती, आता घरी सांगलीवाडीला, म्हणजे सांगलीच्या पुलापलीकडं निघाली होती. चष्मा वर करून तिनं कॅन बघितला.

"त्याल हाय व्हय?"

"पाणी आहे."

"सांगलीत पानी मिळंना झालंय?"

"वाईचं आहे. कृष्णाबाईचं."

लीलाबाईनं चष्मा पुन्हा डोळ्यावर घेतला. मग म्हणाली, "आवं, मंग ती सांगलीला येतीच की आपसूक. तुमी कशाला तिला येष्टीनं आनताय?"

पुढच्या सीटवरचा माणूस फिसकन हसला. काकूंनी त्याच्या टाळूकडं बघितलं आणि लीलाबाईला शिकवायला घेतलं. बाई आणि माई, वेण्णा आणि उरमोडी, सगळं सांगत सांगत कऱ्हाडपर्यंत आणलं. "आणि तिथं ती कोयना येऊन धडकते. ना ओळख ना देख."

"माजं म्हायेर कोयनंत हाय," लीलाबाई म्हणाली.

"कोयनेकाठी?"

"काठावर न्हाई. आत. धरान झालं तवा गाव बुडालं. मी बारकी व्हते. चुलीसकट ऱ्हायलं खाली."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "वाईट झालं." दूध नासल्यावर म्हणतात तसं. आणि खिडकीबाहेर बघू लागल्या, कारण या विषयावर पुढं काय बोलायचं असतं ते वाईत कोणी शिकवलं नव्हतं.

उंब्रज मागं पडलं आणि गाडीच्या तोंडातून वाफ निघाली. ड्रायव्हर बिराप्पा जतकडचा. त्यानं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, रेडिएटरकडं बघून कानडीत दोन शब्द टाकले. मग खिडक्यांखालून फिरत पाणी मागू लागला. लोकांनी बाटल्या दिल्या. कुणी अर्धी, कुणी घोटभर ठेवून. इंजिनानं सगळं पिऊन पुन्हा आ वासला.

बिराप्पा काकूंच्या खिडकीखाली येऊन थांबला. "अक्का, कॅन."

"हे देवाचं पाणी आहे."

"मग चांगलंच की."

"देवाच्या पाण्यात हात घालणार आहात का तुम्ही?"

"हात न्हाई घालत, अक्का. रेडिएटरमधी घालतो."

पूर्ण गाडी काकूंच्या मागं लागली. पल्लवी म्हणाली, "मावशी, मागची गाडी भरून येतीय, उभं राहायलाही जागा नसते तिच्यात. इथंच बसला तर आज काही सांगली दिसत नाही." पुढच्या सीटवरचा, मघाचा हसणारा, म्हणाला की एवढी माणसं घरी पोचवली तर देवी काय रागावेल का. काकूंच्या डोळ्यापुढं मात्र माणसं नव्हती. उद्याची सकाळ होती, रिकामी जागा होती, आणि कलशाला हात घालणारी दीपमाला होती. पाणी असून वेळेवर न पोचणं आणि अर्ध्या पाण्यानिशी पोचणं, यात अर्धं बरं.

"अर्धंच घ्या हं," त्या म्हणाल्या.

अर्धं म्हणजे किती, ते बिराप्पानं इंजिनाला विचारून ठरवलं. कॅन परत आला तेव्हा त्यात फक्त तेज उरलं होतं.

गाडी कशीबशी कऱ्हाडला स्टँडात शिरली आणि बिराप्पा म्हणाला, मेकॅनिक येऊन रेडिएटरचा पाइप बदलेपर्यंत हलायचं नाही. काकू बाकड्यावर बसल्या. मांडीवर रिकामा कॅन, वजन नसलेला. वाईला परत जावं तर उद्या सकाळी सांगलीत पोचणं नाही. न जावं तर पुन्हा चपलांपाशी.

लीलाबाई शेजारी तंबाखूची पुडी सोडत बसली होती. म्हणाली, "हितं खाली घाट हाय की. भरा आन चला."

"इथलं? ते मिसळलेलं आहे."

"मंग न मिसळलेलं भरा. कडंनं."

काकूंना ते पटलं. संगमाच्या अलीकडं, कृष्णा एकटी असेल तिथं. रिक्षा करून दोघी घाटावर उतरल्या. कऱ्हाडला दोन नद्या अशा समोरासमोर येतात, जशी दोन विहिणींची बोळात गाठ पडावी आणि मग दोघींनी एकदम पूर्वेला वळावं. काकू उत्तरेच्या अंगाला, कृष्णेच्या अंगाला चालत गेल्या. वर बंधाऱ्यानं अडवलेली, धोमनं मोजून सोडलेली कृष्णा तिथं गोटे उघडे टाकून बसली होती. एका डबक्यात दोन म्हशी आणि त्यांचा धुणारा. त्याच्याही खाली जे पाणी होतं ते वरून आलेलं दिसत नव्हतं; खालून, कोयनेच्या बाजूनं, तिच्याच रेट्यानं मागं चढलेलं दिसत होतं. कोयना काठोकाठ चालली होती. काकूंनी साडीचा ओचा धरून या गोट्यावरून त्या गोट्यावर जात एकट्या कृष्णेचा शोध घेतला. ती काही सापडली नाही.

लीलाबाई पायरीवरून बघत होती. "आवं, पान्यालाच इचारा की, तू कुनाची म्हनून."

शेवटी काकूंनी डोळे मिटून कॅन बुडवला. भरभरून आला, स्वच्छ, गार. लीलाबाईनं कॅनला दुसऱ्या बाजूनं हात लावला. "घ्या," ती म्हणाली. "तुमचं म्हायेर बिराप्पानं प्यालं, आता माजं घिऊन चला."

सांगलीपर्यंत काकू कॅन मांडीवर धरून बसल्या. स्टँडवर उतरताना म्हणाल्या, "उद्या घाटावर प्रसादाला या हो. आमच्या माईचा उत्सव आहे."

"मला गप बसवायला व्हय?"

"छे, तसं कसं."

"तसं असलं तरी येती. काय करताय गोड?"

"हुग्गी."

"मंग येतीच."

दुसऱ्या दिवशी घाटावर मांडव, रांगोळी, आणि मोठ्या पातेल्यात गव्हाची हुग्गी रटरटत. काकूंनी कॅन चांदीच्या कलशात रिकामा केला. त्याआधीच बायकांनी तळहातावर थेंब थेंब घेऊन पाणी चाखलं. "काय गोडी आहे," एक म्हणाली. "आपल्या पाण्याला हा मऊपणा नाहीच," दुसरी म्हणाली. "स्निग्ध आहे बाई," तिसरी म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. कॅन शेवटी शेंगतेलाचाच. हरिभाऊ मागं उभे होते. त्यांनी पाणी कालच संध्याकाळी चाखलं होतं आणि विचारलं होतं, "धोमचं दार बदललं काय गं?" काकूंनी उत्तर दिलं नव्हतं. त्यावरून त्यांना निम्मं कळलं होतं.

नानासोंनी माइक फुंकला. "यंदाच्या कलशाचा मान, वाईच्या पवित्र जलासह, सौभाग्यवती प्रमोदिनीवहिनी."

"हात," दीपमाला म्हणाली.

नव्या नवरीच्या त्या उत्सवानंतर काकू पहिल्यांदाच पुढच्या रांगेत उभ्या होत्या. एकच शब्द म्हणायचा होता. रात्रीपासून त्यांनी तो पाठ केला होता. वाईचं. संपलं. कोण जातंय उंब्रजला बिराप्पाला विचारायला? त्यांनी उजवा हात कलशात घातला. पाणी मनगटापर्यंत आलं, थंडगार. काकूंनी तोंड उघडलं, पण ज्या बाईनं देवाला तोंडावर ऐट नाही म्हणून सांगितलं, तिला पाण्यापुढं खोटं बोलवेना.

"वाईहून निघालं तेव्हा वाईचं होतं," त्या म्हणाल्या.

"आणि आता?"

"ते आता बिराप्पाच्या गाडीत आहे."

मग सगळंच बाहेर पडलं. रेडिएटर, अर्धं, कऱ्हाड, म्हशी. हुग्गी ढवळणारा आचारी हसून हसून पळी सोडून बाजूला झाला. मघाशी मऊपणाची तारीफ करणारी म्हणाली, "मला वाटलंच होतं, जरा वेगळं लागतंय." नानासोंनी माइकमध्ये "असो" म्हटलं. दीपमालानं पदर खोचला आणि कलशाकडं हात केला.

इथंच काकू गप्प बसल्या असत्या तर गोष्ट संपली होती. पण हात अजून कलशात होता, आणि दीपमालाचा हात जवळ येत होता, बांगड्या वाजवत. काकूंच्या अंगात औदार्य संचारलं, न्याय संचारला, असं पुढं बऱ्याच जणींनी सांगितलं. संचारलं ते इतकंच की मला नाही तर हिलाही नाही. त्यांनी मांडवाच्या टोकाला बघितलं. तिथं पंगतीच्या जागेवर, चपलांपाशी, काळा चष्मा लावून लीलाबाई पत्रावळीची वाट बघत बसली होती.

"लीलाबाई, इकडं या."

"जेवन हिकडंच येतंय न्हवं?"

"या हो. हे पाणी लीलाबाईंच्या माहेरचं आहे. ज्याचं पाणी त्याचा मान. नानासो, नियम तुमचाच."

नानासोंनी लीलाबाईकडं बघितलं. नऊवारी, बुक्का, पायात टायरची चप्पल. "या कुठल्या?"

"कोयनेच्या."

"नाही, म्हणजे... कुठल्या?" हा दुसरा प्रश्न त्यांनी माइकवर हात ठेवून विचारला. असले प्रश्न आपल्याकडं माइकवर हात ठेवूनच विचारायची पद्धत आहे.

"कोयनेच्या," काकू पुन्हा म्हणाल्या. त्यांना तो प्रश्न नीट कळला होता. काल दुपारपर्यंत तो त्यांचाच होता.

"नियम कृष्णेचा होता," दीपमाला म्हणाली. "कोयनेचा नाही."

सगळ्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी हुग्गीच्या पातेल्याकडं बघितलं. हुग्गी निवत चालली होती. त्यांनी घसा साफ केला. "यज्ञात सावित्रीनं शाप दिला, तेव्हा विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला आणि ब्रह्मदेव ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. आता ब्रह्मदेवाला कलश नाकारायचा असेल तर मंडळानं तसा ठराव करावा. मी आपला जेवून जातो."

ठराव करायला कोणी पुढं आलं नाही. ब्रह्मदेवाशी वैर कशाला, आणि भूकही लागली होती.

लीलाबाई उठून आली. चष्म्यातून पायरी दिसेना म्हणून तिनं तो काढून कमरेला खोचला, तरी डोळ्याला ऊन सोसेना. काकूंनी तिचं कोपर धरलं. म्हणजे धरावंच लागलं. म्हातारी माईसकट नदीत गेली असती. तिनं कलश दोन्ही हातांनी उचलला, माईच्या डोक्यावर धार धरली आणि उरलेलं पाणी शेवटच्या पायरीवरून नदीत सोडलं.

"लय लांबनं आलीस," ती पाण्याला म्हणाली. अगदी हळू, काकू कोपर धरून होत्या म्हणून त्यांनाच ऐकू गेलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही बरेच दिवस. काकूंच्या मानानं हा विक्रमच.

मग लीलाबाईनं चष्मा लावला आणि विचारलं, "आता तरी वाडताय का?"

दीपमाला त्या दिवशी न जेवता गेली, आणि प्रसादाला नावं ठेवायची राहून गेली म्हणून दुसऱ्या दिवशी डबा मागवून घेतला.

याला आता वर्ष होऊन गेलं. काकू सुधारल्या असतील असं कोणाला वाटत असेल तर त्यानं संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं. "वाईच्या पाण्यात आता दम राहिला नाही," त्या सांगतात. "धोम झाल्यापासून सगळं नळासारखंच. पाणी म्हणावं तर कोयनेचं. प्रत्यक्ष ब्रह्मदेव तो. आणि मी तर पहिल्यापासून म्हणत आलेय." पहिल्यापासून ऐकत आलेले लोक माना डोलावतात. यंदा माघात काकू माहेरी गेल्या खऱ्या, पण कॅन रिकामा घेऊन परत निघाल्या आणि कऱ्हाडला उतरल्या. लीलाबाई सांगलीवाडीहून येऊन स्टँडवर वाट बघत होती. दोघींनी मिळून कॅन भरला, आणि कलशही दोघींनी मिळून धरला. कारण म्हातारीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून राहिलं आहे, असं काकूंनी मंडळाला पटवून दिलं. पुढची रांग काही त्यांनी सोडलेली नाही.

परवा हरिभाऊ पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "वेण्णा झाली शंकर, कोयना झाली ब्रह्मदेव. आता पुढच्या पुरात वारणेचंही कौतुक ऐकायला मिळेल आम्हाला."

"वारणेचं नाव काढू नका," काकू म्हणाल्या. "ती काय नदी आहे? दीपमालाच्या माहेरची ती."